चौतिसावी चौकट

आकाश सकाळी नऊ वाजता चार गुंडाळ्यांमध्ये घरी आलं. छापखान्याच्या माणसाने गुंडाळ्या दारात उभ्या केल्या, वहीवर सही घेतली आणि जाताना एक चिठ्ठी ठेवून गेला. चिठ्ठी आकाशमंडळाच्या सचिवांची. ‘उद्या दुपारपर्यंत शिवून हवं. पाचला साहेब येणार.’ बस्स. उशीचा अभ्रा सांगावा तसं. ज्या बाईने त्या आकाशापायी तीन वर्षं गच्चीवर काढली, तिला एका ओळीत ‘शिवून हवं’! टेलरबाईंनी चिठ्ठी वाचून मशीनच्या खणात टाकली. असतील घाईत, असं म्हणून सोडूनही दिलं. तेव्हा अजून त्यांचं डोकं ठिकाणावर होतं.

टेलरबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत मशीन आलं, आणि तेव्हापासून आख्खी गल्ली त्यांना तेच म्हणायची. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत सासूबाई, वर गच्ची आणि गच्चीवर तारे बघणाऱ्या आकाशमंडळाच्या दुर्बिणी. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरात कमी आणि फोनवर जास्त. आकाशाशी बाईंचा संबंध आला तो खोळींमुळे. मंडळाला दुर्बिणींसाठी काळ्या खोळी शिवून हव्या होत्या. सचिव कागदावर लांबीरुंदी लिहून घेऊन आले. बाई म्हणाल्या, “कागदावरून माप घेत नाही मी. अंग दाखवा.” मग दुर्बीण दाखवावी लागली, आणि दुर्बीण दाखवली म्हटल्यावर आतलं दाखवणंही आलंच.

त्या वेळी मंडळाला एका मोठ्या चित्राची हौस आली होती. आपल्या गच्चीवरून दिसणारा आकाशगंगेचा सगळा पट्टा एकाच चित्रात आणायचा. कॅमेऱ्यात एका वेळी मावतं ते आकाश रुमालाएवढं, म्हणून चौकटीशेजारी चौकट काढत जायची आणि मागाहून सगळ्या जोडायच्या. सचिवांनी आठ चौकटी काढून झाल्या होत्या. प्रत्येक दोघींच्या मधे एक चिंचोळी काळी फट राहिली होती, आणि एकही चौकट दुसरीसारखी सरळ नव्हती. बाईंनी पडद्यावर बघितलं.

“दाब कुठाय?” त्यांनी विचारलं.

“कसला दाब?”

“अहो, दोन तुकडे जोडायचे तर कडेला जास्तीचं कापड नको सोडायला? तुम्ही काठोकाठ कापलंत. वर दर खेपेला कापड तिरकं धरलंत.”

सचिव तीन पदव्यांचे धनी, पण त्या दिवशी त्यांना पाणी प्यावंसं वाटलं.

मग आकाश बाईंनीच बेतलं. खाकी कागद जमिनीवर पसरून चार ओळी आखल्या, ओळीत नऊ, अशा छत्तीस चौकटी. प्रत्येकीला चारी बाजूंनी पाचव्या हिश्शाचा दाब, म्हणजे शेजारणीचे तारे थोडे हिच्यात आणि हिचे शेजारणीत. कॅमेरा दुर्बिणीवर बसतो तिथे खडूची खूण, म्हणजे तो दर वेळी त्याच कोनात बसणार. एकेका चौकटीला, एका नाहीतर दोन रात्रींत मिळून, तीन तास उजेड प्यायला द्यायचा. मधे ढग आला की ते तास पाण्यात. कुठली चौकट कधी वर येते याचं कोष्टक सासूबाईंनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. दवाचं खातंही त्यांच्याकडेच होतं. भिंगावर दव धरू लागलं की इस्त्रीखाली गरम केलेलं फडकं त्या दुर्बिणीच्या गळ्याला गुंडाळायच्या.

“तान्ह्या बाळासारखं शेकतेय मी ह्याला,” त्या म्हणायच्या, “पण हे मेलं मोठं काही होत नाही.”

अशा पस्तीस चौकटी पदरात पडल्या. राहिली एक. तळच्या ओळीतली सातवी, म्हणजे चौतिसावी. ती दक्षिणेकडची, क्षितिजाला लागून. वर्षाकाठी पाचसहा आठवडे काय ती वर यायची. पहिल्या वर्षी तिच्या आजूबाजूच्या मिळाल्या आणि नेमकी ती ढगात गेली. दुसऱ्या वर्षी साहेबांनी मनोरा बांधला.

साहेब म्हणजे शहराच्या कारभारातले सगळ्यात मोठे साहेब. मैदानाच्या कडेला त्यांनी एक उंच मनोरा उभा केला आणि त्याच्यावरून चार प्रचंड झोत थेट आकाशात सोडले. कशासाठी? शोभेसाठी. संध्याकाळी लागायचे ते पहाटेपर्यंत. खाली रस्त्यावर खड्डा दिसायची मारामार आणि वर झगमगाट! वर कोण राहायला गेलं होतं ज्याला उजेड कमी पडत होता, कोण जाणे. आणि तो मनोरा उभा राहिला तोही बरोबर चौतिसाव्या चौकटीखाली. सासूबाई सांगायच्या, त्या नव्याने ह्या घरात आल्या तेव्हा तिथे नुसत्या डोळ्यांनी एक पांढुरका डाग दिसायचा, पीठ सांडल्यासारखा. आता तिथे डाग राहिला नव्हता, की साधा अंधारही नव्हता.

लोक बाईंना सुचवायचे, एवढी एक चौकट गावाबाहेर जाऊन काढून आणा की. सुचवायला काय जातंय! चित्र होतं ह्या गच्चीवरून दिसणाऱ्या आकाशाचं. दुसऱ्याच्या सदऱ्याची बाही आणून लावली की तो आपला सदरा राहतो का? बाईंनी सरळ अर्ज केला. झोत वर्षातून चार रात्री, रात्रीचे फक्त दोन तास बंद ठेवावेत. अर्ज वर्षभर ह्या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत होता. साहेब भेटले की तोंडभरून म्हणायचे, “करू की! आपल्याच माणसाचं काम आहे.” पुढच्या महिन्यात चौतिसावी पुन्हा वर येणार होती.

तेवढ्यात नव्या सभागृहाच्या भिंतीसाठी मंडळाकडे चित्राची मागणी आली. बाईंनी पस्तीस चौकटी दिल्या, एका अटीवर. चौतिसाव्या जागी काळा चौकोन राहील आणि खाली लिहिलेलं असेल, ‘ही चौकट इथून आता दिसत नाही.’ सचिव म्हणाले, “अर्थात! अर्थात!” दोनदा ‘अर्थात’ म्हणणाऱ्या माणसाचं कापड धुतल्यावर आटतं, हे बाईंना धंद्यात शिकायला मिळालं होतं. पण इथे त्या विसरल्या.

छापखान्याच्या यंत्राचा पन्हा लहान, म्हणून चित्र कापडाच्या चार पट्ट्यांत छापलं होतं, एका ओळीची एक पट्टी. दोन हात उंच आणि अठरा हात लांब. खोलीत मावेना, तेव्हा दार उघडून ती बाहेरच्या व्हरांड्यात सोडली. सासूबाई पलीकडचं टोक धरून स्टुलावर बसल्या. चौकड्याचं कापड जोडताना रेघेला रेघ भिडवतात तसा बाईंनी ताऱ्याला तारा भिडवला आणि पहिली टीप मारली. मग दुसरी पट्टी खालून सरकवली. दुसऱ्या पट्टीत अकरावी चौकट होती आणि तिच्यात दोघींची लाडकी हुकपट्टी, एका रांगेत सात बारके तारे, चौथा मात्र किंचित रांगेबाहेर. “तुझ्या पहिल्या ब्लाउजसारखा,” सासूबाई दर वेळी म्हणायच्या. त्या दिवशीही म्हणाल्या.

अकराच्या सुमाराला चौथी पट्टी उलगडली. बाईंनी डावीकडून बोट ठेवत मोजायला घेतलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... चौतीस. बोट थांबलं. तिथे काळा चौकोन नव्हता. तिथे तारे होते.

क्षणभर त्यांना आनंद झाला. खरंच झाला, हे सांगायला हवं. वाटलं, कधीतरी वीज गेली असेल, झोत विझले असतील आणि मंडळातल्या कुणाच्या तरी हाती चौकट लागली असेल. “आई, मिळाली!” त्या ओरडल्या. सासूबाई भिंतीला धरून व्हरांड्यातून आत आल्या, कापडावर वाकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

“पीठ कुठाय?” त्यांनी विचारलं.

बाईंनी नीट बघितलं. पीठ नव्हतं. चौकटीच्या मधोमध सात बारके तारे होते, एका रांगेत. डावीकडून मोजलं तर पाचवा बाहेर. उजवीकडून मोजलं तर चौथा.

सातात उजवीकडून चौथा तो डावीकडूनही चौथाच असतो, हे त्यांच्या तापल्या डोक्याला कळायला एक मिनिट लागलं. त्यांनी पुन्हा मोजलं, ह्या खेपेला टाचणी टेकवून. चौथाच होता. फक्त वरच्या बाजूला सरकायचा तो इथे खाली सरकला होता. अकरावी चौकट उचलून, डोक्यावर उभी करून इथे चिकटवली होती आणि कडा शेजारणींत अशा विरवल्या होत्या की टाका दिसू नये. ज्याने आयुष्यात हुक लावला नाही, तो हुकपट्टी ओळखणार कुठून!

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीनवरून उठल्या त्या तशाच, गळ्यात मापाची फीत घेऊन, मंडळाच्या खोलीवर.

सचिव उद्घाटनाचं भाषण पाठ करत होते. “या या, ताई! झालं शिवून?”

“चौतिसावी कुणी भरली?”

“ती होय! अहो, संगणकावर पाच मिनिटांचं काम. साहेबांना नमुना दाखवला, तर ते म्हणाले, ऐन समारंभात भिंतीवर भोक कशाला? बरं दिसत नाही.”

“बरं दिसत नाही म्हणून खोटं दाखवायचं? तुम्ही अट मान्य केली होतीत.”

“खोटं कसं? तारेच आहेत की. तुमचेच आहेत.” सचिव हसले. “आणि कळतंय कुणाला, ताई?”

“मला कळतंय.”

“मग तुम्ही सांगू नका म्हणजे झालं. तुम्ही शिवणकामापुरतं बघा.”

टेबलावर पितळी पाटी तयार होऊन आली होती. ‘आपले संपूर्ण आकाश’. खाली साहेब, त्याखाली सचिव, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत ‘शिवणकाम’ म्हणून टेलरबाई. तीन वर्षांचं शिवणकाम! पण पाटीचं त्यांना तेवढं लागलं नाही जेवढं त्या ‘संपूर्ण’चं लागलं. मनात पाल चुकचुकली आणि त्या तिथून थेट कारभाराच्या इमारतीत गेल्या, दुसऱ्या मजल्यावर, जिथे त्यांचा अर्ज राहायला होता.

अर्ज सांभाळणारा कारकून चष्मा कपाळावर चढवून बसायचा आणि कागद वाचताना तो खाली ओढायचा. त्याने फाइल काढली, चष्मा ओढला आणि शेरा वाचून दाखवला. “चित्र पूर्ण झाल्याचे मंडळाने कळविले आहे. सबब झोत बंद ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रकरण बंद.” खाली साहेबांची सही, परवाची.

बघा म्हणजे कशी होती ती तऱ्हा! ज्यांनी आकाश पुसलं त्यांनीच ते खोटं भरलं, आणि भरलंय म्हणून पुसलेलं तसंच ठेवायला मोकळे. तीन वर्षांतले ढग बाईंनी सोसले होते. ढगाला लाज नसते, पण तो निदान सही करत नाही.

“पण चित्र अपूर्ण आहे, भाऊसाहेब,” त्या शेवटी म्हणाल्या.

“मी कागदावर चालतो, बाई. कागद म्हणतो पूर्ण.”

“आणि अपूर्ण निघालं तर?”

कारकुनाने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. त्याला असले प्रश्न आवडत असावेत. “तर शेरा चुकीचा ठरतो. चुकीच्या शेऱ्यावर प्रकरण बंद ठेवता येत नाही. पण तसं दिसायला पाहिजे.”

घरी येऊन बाई पलंगावर बसल्या आणि रडल्या. दुःखाने नव्हे, संतापाने. असं रडताना माणसाला स्वतःचाही राग येतो. “नाहीच देत मी चित्र,” त्या म्हणाल्या. “घालू देत पाचला उघड्या भिंतीवर पडदा.”

सासूबाई तोवर चौथ्या पट्टीवर पाय पसरून बसल्या होत्या. “नाही दिलंस तर म्हणतील, बाई रुसली. चार दिवस बोलतील, मग दुसरीकडून शिवून घेतील,” त्या म्हणाल्या. “आणि ते सात हुक जन्मभर तिथे उलटे टांगलेले राहतील. मला नाही चालायचं.”

“मग काय करू, आई?”

“मला विचारतेस? टेलर कोण आहे घरात?”

बाईंनी डोळे पुसले, मोठी कात्री घेतली आणि चौतिसावी चौकट कापून काढली. चारी कडा नीट राखून, एकही तंतू न ओढता. मग कपाटातून दुर्बिणीच्या खोळींचं उरलेलं काळं कापड काढलं, मापाचा तुकडा बेतला आणि त्या जागी बसवला. हा तुकडा त्यांनी मशीनवर नाही शिवला. सुईत जाड पांढरा दोरा ओवला आणि हाताने बोटबोटभर लांब टाके घातले. मग पट्टी जोडून चौथी टीप पुरी केली... खरं तर तिसरी, कारण चार पट्ट्यांना जोड तीनच. रागात मोजणी चुकते, ती अशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहाची माणसं आली आणि गुंडाळी उचलून घेऊन गेली. उलगडून बघायला कुणाला वेळ नव्हता. टांगताना दोघा सुतारांनी तो काळा चौकोन बघितला असणार, पण त्यांना वाटलं असंच असेल. पाचला पडद्यामागे चित्र, पडद्यापुढे साहेब, आणि खुर्च्या भरलेल्या. साहेब आकाशावर वीस मिनिटं बोलले आणि त्यातली पंधरा मनोऱ्यावर. मग दोरी ओढली.

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. सत्तावीस फुटांचं तारांगण, आणि तळाशी उजवीकडे दीड हाताचा नव्हे, चांगला दोन हातांचा काळाकुट्ट चौकोन, भोवती पांढरे ढोबळ टाके. शेवटच्या रांगेतूनही दिसावेत असे.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“तांत्रिक...” सचिवांनी सुरुवात केली, “छपाईतली तांत्रिक...”

“छपाईतलं नाही, साहेब.” बाई पुढच्या रांगेतून उठल्या. आवाज कापत होता, पण त्यांनी तो तसाच कापू दिला. “तो तुमचा मनोरा आहे. तिथलं आकाश तुमच्या झोतांमुळे दिसत नाही, म्हणून ते चित्रात नाही. आणि हा तुमचा तुकडा.” त्यांनी पिशवीतून इस्त्री करून घडी घातलेला चौकोन काढला. “ह्याने ते भोक बुजवलं होतं. ही माझीच अकरावी चौकट आहे, उलटी करून लावलेली. विश्वास ठेवू नका. लावून बघा.”

कुणी हलेना. तेव्हा सासूबाई उठल्या. तो तुकडा त्यांनी सुनेच्या हातून घेतला, चित्रापाशी गेल्या आणि सुताराची राहिलेली शिडी बघून सुतारालाच हाक मारली. त्याने वर चढून तुकडा उलटा धरला, अकराव्या चौकटीशेजारी. “एक,” सासूबाई खालून म्हणाल्या, “दोन, तीन, आणि चौथा बाहेर.” पुढच्या रांगेने मोजलं. मग मागची माणसं उठून पुढे आली आणि त्यांनीही मोजलं. सगळं सभागृह बोटं नाचवत हुक मोजत होतं, आणि सचिव पायाकडे बघत होते.

“बरं बरं,” साहेब घाईने म्हणाले, “किरकोळ गोष्ट आहे. उद्या घ्या व्यवस्थित शिवून. चला, चहा घेऊ.”

“साहेब,” मागून आवाज आला. कारकून होता, चष्मा नाकावर, बगलेत फाइल. बाईंनी त्याला बोलावलं नव्हतं. “चित्र अपूर्ण आहे. आपल्या सहीखाली पूर्ण लिहिलंय. शेरा बदलावा लागेल.”

“आत्ता?”

“माझ्याजवळ पेन आहे.”

शंभरेक माणसं बघत होती. साहेबांनी बघितलं ती बघतायत का, आणि मग मान डोलावली. कारकुनाने खुर्चीच्या पाठीवर फाइल टेकवली, ‘पूर्ण’वर काट मारली, वर ‘अपूर्ण’ लिहिलं, ‘बंद’वर काट मारली, वर ‘चालू’ लिहिलं आणि दोन्ही ठिकाणी सही घेतली. मग बाईंना विचारलं, “रात्री कोणत्या लिहू?” कॅलेंडर घरी होतं. सासूबाईंनी चारही तारखा तोंडपाठ सांगितल्या, वेळेसकट.

त्या दोघी बाहेर पडल्या तेव्हा सांज झाली होती आणि मैदानाकडे झोत नुकतेच लागत होते, चारी एकदम. “लागले बघ मेले,” सासूबाई म्हणाल्या. शेरा बदलला म्हणून झोत विझत नाहीत, एवढं त्यांनाही कळत होतं. अजून एक महिना होता आणि साहेबांना शब्द फिरवायला एक दुपार पुरत होती.

पायऱ्यांवर बाईंचं एक नेहमीचं गिऱ्हाईक भेटलं. “तुमचा हात इतका साफ,” ती बाई म्हणाली, “आणि त्या काळ्या तुकड्याला असले टाके? लाज नाही वाटली?”

“कच्ची शिलाई आहे ती,” टेलरबाई म्हणाल्या. “एका बाजूने ओढली की सगळी निघते. आत चारी बाजूंनी दाब सोडलाय.”